कुंडीतली घोळ

दोन वर्षं मी घोळ उपटून फेकत होते. गच्चीत मोगरा, कढीपत्ता, टोमॅटो अशा पंधराएक कुंड्या आहेत आणि पाऊस पडला रे पडला की प्रत्येक कुंडीत ही लालसर देठाची, जाड गुळगुळीत पानांची बया पसरलेली. मी उपटायचे, कठड्याजवळ ढीग टाकायचे आणि आठवड्यानं बघावं तर ढिगातच पिवळी फुलं! पानात देठात पाणी साठवलेलं असतं त्यामुळे उपटली तरी लगेच मरत नाही, तुकडा ओल्या मातीवर पडला की परत मुळं धरतो, वर त्या खसखशीपेक्षा बारीक काळ्या बिया. थोडक्यात मी इमानेइतबारे लागवडच करत होते.

मग सासूबाई आल्या राहायला. त्या धुळ्याकडच्या. ढीग बघून म्हणाल्या, "अगं फेकतेस काय, आम्ही जुड्या विकत घेतो बाजारात!" आणि तिथंच पदर खोचून निवडायला बसल्या. मी पण मदतीला म्हणून भराभर तोडलं तर त्यांनी माझ्या वाट्यातली एक काडी उचलून मोडली, पांढरा चीक आला. "ही दुधी. घोळीला चीक नसतो." ही दुधी म्हणजे भोपळा नव्हे, एक रानटी तण. दिसायला अगदी घोळीची बहीण, तशीच जमिनीलगत पसरते, पण खायची नाही. तेव्हापासून मी काडी मोडून बघितल्याशिवाय पातेल्यात टाकत नाही.

भाजी सोपी आहे पण धुणं जिवावर येतं, माती चिकटून असते, चार पाणी तरी लागतात. भिजवलेली चणाडाळ अर्धवट शिजवायची, लसूण मिरचीची फोडणी, त्यात चिरलेली घोळ, आणि ताकात बेसन कालवून सोडायचं. पाणी घालू नका, तिलाच सुटतं. किंचित बुळबुळीत होते, मुलाला ते आवडत नाही, त्याला पीठ पेरून कोरडी करून देते. आणि एक गंमत, सकाळी तोडलेली जास्त आंबट लागते, संध्याकाळची कमी. पाण्याचा ताण पडला की ही रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा उन्हात तो वापरून टाकते म्हणून. नागपूरची मैत्रीण म्हणते आमची चिवळ खाऊन बघ, ती हिचीच बारीक पानांची चुलत बहीण, विदर्भात उन्हाळ्यात मिळते.

औषध म्हणाल तर सासूबाई घामोळ्यांवर पानं ठेचून लावतात. मी लावून बघितलं, गार वाटतं, खाज तेवढ्यापुरती थांबते, बास. पोटाची आग, मूळव्याध यावरही जुनी माणसं हीच भाजी सांगतात. व्हॉट्सअॅपवर तर ती कॅन्सरपर्यंत पोचलीय, ते सोडा. पालेभाजीत इतकं ओमेगा ३, म्हणजे माशांत असतं तशा प्रकारचं फॅट, असणं हे मात्र खरंच विशेष आहे, ते हिच्यात आहे. पण ऑक्झलेटही, म्हणजे ज्याचा मुतखडा बनतो तो घटकही, भरपूर आहे, त्यामुळे माझ्या बाबांना, ज्यांना दोनदा मुतखडा झालाय, मी ही भाजी वाढतच नाही, कितीही मागितली तरी. बाकीच्यांना ताकातली देते, ताकातलं कॅल्शियम त्यातलं बरंचसं ऑक्झलेट बांधून ठेवतं. आजीच्या काळी कुणी ऑक्झलेट मोजलं नव्हतं, तरी घोळीत ताकच पडायचं.

यंदा टोमॅटोची एक कुंडी मी मुद्दाम तिच्यासाठी मोकळी ठेवली. खत घातलं, रोज पाणी घातलं. त्या कुंडीत काही उगवलं नाही, मोगऱ्यात मात्र दाट आलीय.