नाशिक ते बांडा : एक्सपिडिशन क्रूझची तयारी आणि प्रवास

नोव्हेंबर २०२४मध्ये मी आणि माझे यजमान इंडोनेशियाच्या पूर्व भागात सोरोंग ते आंबोन असा अकरा रात्रींचा जहाजप्रवास करून आलो. ‘क्रूझला जाऊन आलो’ असे नातेवाइकांत सांगितले, की पुढचा प्रश्न बुफेचा, नाहीतर रात्रीच्या नाचगाण्याचा येतो, म्हणून आधीच सांगते, की आमचे जहाज त्या जातीचे नव्हते. प्रवासी जेमतेम शंभर, आणि जहाज म्हणजे केवळ झोपण्याजेवण्याची सोय; खरा कार्यक्रम दिवसातून दोनदा रबरी होडीत उतरून बेटांवर, खारफुटीत किंवा प्रवाळांवर जाण्याचा. या प्रकाराला एक्सपिडिशन क्रूझ म्हणतात, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळले. आमची तयारी मात्र त्याआधी सात महिने चालली होती, आणि ती कोणी नीट सांगितली असती तर आमचा बराच मनस्ताप वाचला असता.

सुरुवात नांदूर मध्यमेश्वरला झाली. बँकेतून निवृत्त झाल्यापासून आम्ही दोघे हिवाळ्यात दर रविवारी तिथे दुर्बीण घेऊन जातो. तिथल्याच एका पक्षिमित्राने इंडोनेशियातल्या राजा अंपात बेटांवरच्या नंदनपक्ष्यांची (इंग्रजीत ‘बर्ड ऑफ पॅराडाइज’) छायाचित्रे दाखवली आणि यजमानांनी घरी येईपर्यंत गाडीत दुसरा विषय काढला नाही. आपल्याकडच्या स्वर्गीय नर्तकाशी या पक्ष्यांचा गोंधळ होतो. पण ते निराळेच कुळ आहे आणि त्याचा मुख्य मुलूख न्यू गिनी व आसपासची बेटे हा आहे.

आरक्षण आम्ही एका प्रवासी संस्थेमार्फत केले. आगाऊ रक्कम भरून झाल्यावर, ती परत मिळण्याची मुदतही उलटून गेल्यावर, त्या संस्थेने ई-मेलने वैद्यकीय अर्ज पाठवला. हा अर्ज आधी दाखवायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार हे नेहमीचे प्रश्न होतेच. पण त्याखाली विचारले होते, की प्रवासी कोणाच्या मदतीवाचून जहाजाचा उभा जिना उतरू शकतो का, हलत्या होडीत पाय टाकू शकतो का, जमिनीवर बसल्यास स्वतः उठू शकतो का. या उत्तरांखाली डॉक्टरांची सही हवी होती. कारण उघड आहे. जहाजावर एक डॉक्टर असतो. पण शस्त्रक्रिया करण्याजोगे रुग्णालय एका दिवसाच्या अंतरावरही असेलच असे नाही, आणि म्हणूनच रुग्णाला हलवण्याचा खर्च देणारा विमाही सक्तीचा होता.

माझा उजवा गुडघा कुरकुरतो. आमच्या डॉक्टरांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “ताई, सही मी आज करणार नाही. तीन महिन्यांनी या.” ते तीन महिने आम्ही आठवड्यातून चारदा सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढलो. चढणे सोपे असते, उतरताना गुडघा बोलतो, आणि होडीत शिरताना उतरायचेच असते. उरलेले दिवस महापालिकेच्या जलतरण तलावात जात होते. यजमानांना पोहता येत नाही. त्यांनी तरंगण्याचे जाकीट घालून पाण्यावर पालथे पडायचे आणि स्नॉर्केलच्या नळीतून तोंडाने श्वास घ्यायचा एवढाच धडा गिरवला. तरी पहिले आठ दिवस त्यांच्या नाकातोंडात पाणी जाऊन तलावावरची पोरे हसत होती. ऑगस्टअखेर सही मिळाली.

कागदपत्रांतली पहिली अडचण माझ्या पासपोर्टची होती. त्याची मुदत मार्च २०२५पर्यंत होती, आणि इंडोनेशियात प्रवेश करताना पासपोर्ट किमान सहा महिने वैध असावा लागतो. नूतनीकरण, पोलीस पडताळणी हे सगळे नाशिकमध्येच झाले आणि कल्पनेपेक्षा लवकर झाले. व्हिसासाठी भारतीयांना आगमनानंतर मिळणारा तीस दिवसांचा व्हिसा चालतो, आणि तो आधी ऑनलाइनही काढता येतो. शुल्क पाच लाख रुपिया हा आकडा वाचून हे दचकले. आपल्या चलनात ते तीन हजारांच्या आतच होते.

खरी गंमत कराची झाली. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर लागतो. आमच्या वेळी एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात सात लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावरच्या रकमेवर २० टक्के असा दर होता. माणशी खर्च नऊ लाख. संस्थेच्या माणसाने दोघांचे पैसे यजमानांच्या एकाच खात्यातून भरायला सांगितले, कारण त्याला एकच बिल फाडणे सोयीचे होते. तसे केले असते तर अठरा लाखांवर २ लाख ५५ हजार रुपये टीसीएस गेला असता. मला माझे निवृत्तिवेतन आहे, माझा वेगळा पॅन आहे; तेव्हा दोन बिले करून घेतली आणि माणशी ७५ हजार म्हणजे दीड लाखात काम भागले. ही रक्कम बुडत नाही, फॉर्म २६एएसमध्ये दिसते आणि विवरणपत्र भरताना वळती होते किंवा परत मिळते. पण लाखभर रुपये वर्षभर अडकवून का ठेवायचे? बँकेत तीस वर्षे काढल्याचा एवढा तरी उपयोग. हे दर आमच्या वेळचे आहेत. १ एप्रिल २०२५पासून सात लाखांची मर्यादा दहा लाखांवर नेली गेली, त्यामुळे आता जाणाऱ्यांनी त्या वर्षीचा नियम आपल्या सीएला विचारावा.

सोरोंग ज्यात येते त्या पापुआच्या भागात मलेरिया आहे म्हणून डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिले. ते प्रवासाच्या आदल्या दिवसापासून सुरू करून परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवायचे असते, भरपूर पाण्याबरोबर घ्यायचे असते आणि त्याने त्वचेला ऊन लवकर बाधते. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ ही सूचना गंभीरपणे घ्यावी. मी टोपी विसरून एक दुपार घालवली आणि नाकाची साल गेली.

कसारा घाट, मुंबई, सिंगापूर, जकार्ता आणि तिथून रात्रीचे विमान, असे करत आम्ही पहाटे सोरोंगला उतरलो. हे शहर डिसेंबर २०२२मध्ये स्थापन झालेल्या नैऋत्य पापुआ प्रांताची राजधानी आहे आणि तिथले घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे असते. देशांतर्गत विमानात वीस किलोच सामान चालत असल्यामुळे चिवड्याचे एक पाकीट जकार्तात दुसऱ्या प्रवाशांना वाटावे लागले, याची यजमानांना अजून हळहळ आहे.

जहाजावर पहिल्याच दिवशी कवायत झाली. भोंग्याचे सात आखूड आणि एक लांब आवाज ऐकू आले, की जाकीट घालून ठरलेल्या जागी जमायचे. त्यानंतर रबरी होडीचा धडा. या होड्यांना सगळे झोडियाक म्हणतात. खलाशाचा हात हातात धरायचा नाही, एकमेकांचे मनगट धरायचे, म्हणजे एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते. होडी लाटेबरोबर वर येते त्या क्षणी खलाशी सांगतो, तेव्हाच पाय टाकायचा. उडी मारायची नाही. मग फुगवलेल्या कडेवर बसून सरकत जायचे. पायऱ्यांशेजारी एक फलक असतो, त्यावर प्रत्येकाचा क्रमांक असलेला बिल्ला. बाहेर पडताना तो एका बाजूला फिरवायचा, आल्यावर परत दुसऱ्या बाजूला. मी तिसऱ्या दिवशी परतल्यावर तो फिरवायला विसरले आणि केबिनमध्ये पाय धूत असताना ध्वनिक्षेपकावर माझे नाव पुकारले गेले. मी अजून बेटावरच आहे असे समजून एक होडी पुन्हा निघण्याच्या बेतात होती. त्या दिवसानंतर माझा बिल्ला हेच फिरवू लागले.

राजा अंपात म्हणजे ‘चार राजे’: वायगेओ, बतांता, सलावाती आणि मिसूल ही चार मोठी बेटे. भाषेला तिथे बहासा म्हणतात, राजा राजाच आहे. वायगेओवरच्या वाटाड्याने आम्हा दोघांकडे बोट दाखवून ‘सुआमी? इस्त्री?’ असे विचारले. स्वामी आणि स्त्री, म्हणजे नवरा-बायको, हे लक्षात यायला मला क्षणभर लागले. यजमानांना मात्र अंगावरच्या चुरगळलेल्या सदऱ्याविषयीच प्रश्न आहे असे वाटले.

वायगेओवर पहाटे चार वाजता उतरलो. विजेरीच्या उजेडात चिखलाच्या वाटेने तास-दीड तास चढ होता, आणि प्रत्येक निसरड्या पायरीला मी मनात पांडवलेणीचे आभार मानले. मग ओंडक्यावर गप्प बसणे. सव्वासहाच्या सुमारास शेंड्यावरच्या एका मोकळ्या फांदीवर तांबड्या नंदनपक्ष्याचे तीन नर आले. हिरवा चेहरा, पिवळी मान, कुशीतून फुटलेली लाल पिसे आणि शेपटीतून लोंबणाऱ्या दोन काळ्या, वळलेल्या फिती. मादी जवळ येताच त्यांनी पंख उघडून फांदीवर उलटे लटकत थरथरायला सुरुवात केली. १८६०मध्ये इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस याच भागात याच पक्ष्यासाठी एका लहानशा झोपडीत राहिला होता. आम्हाला ते दर्शन चाळीस मिनिटे झाले; दुर्बिणीच्या काचेवर माझाच श्वास जमत होता, म्हणून त्यातली दहा तरी मिनिटे पुसण्यात गेली.

अर्बोरेक नावाच्या छोट्या बेटावर बायका केवड्याच्या जातीच्या पानांच्या टोप्या विणतात, त्यातल्या काही मांटा माशाच्या आकाराच्या. इंडोनेशियाने २०१४मध्ये मांटांना पूर्ण संरक्षण दिले. मला त्याहून लक्षात राहिली ती ‘सासी’ ही जुनी रीत. गाव मिळून समुद्राचा एखादा भाग काही काळासाठी बंद करते. त्या काळात तिथे मासे, शिंपले काही काढायचे नाही आणि मुदत संपली की समारंभाने तो भाग खुला करायचा. आपल्याकडे देवराईतले लाकूड तोडत नाहीत आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या काढत नाहीत, हे मी वाटाड्याकरवी एका आजींना सांगितले तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली, जणू हे सांगण्यासारखे काय आहे.

मिसूलला एक दिवस लाटांमुळे उतरताच आले नाही. छापील कार्यक्रमात लिहिलेली जागा मिळेलच असे इथे कोणी कबूल करत नाही. रोज संध्याकाळी मोहीमप्रमुख उद्याचा बेत सांगतो आणि सकाळी तो बदललेला असू शकतो. काही प्रवासी यावर चिडले. माझ्या मते ज्यांना हे चालत नाही त्यांनी हा खर्च करूच नये.

मग बांडा समुद्राचा पल्ला. पावसाळी वाऱ्यांच्या दोन मोसमांच्या मधल्या काळात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो त्यातल्या त्यात शांत असतो, म्हणूनच आमची तारीख तशी होती. तरीही रात्रभर कपाटातले हँगर वाजत राहिले आणि ह्यांनी फक्त लिंबू चोखले. सकाळी पडदा सारला तर समोर गुनुंग आपी, समुद्रातून सरळ वर आलेला ज्वालामुखी, ज्याचा मागचा उद्रेक १९८८चा. त्याच्या पायथ्यापासून लांबलचक कोरा-कोरा होड्या ढोलाच्या तालावर वल्ही मारत आमच्या स्वागताला आल्या.

बांडाची बेटे नकाशावर टिंबाएवढी आहेत, पण कित्येक शतके जगातले सगळे जायफळ इथूनच जात होते. त्यासाठी १६२१मध्ये यान पीटरसून कून याच्या डच फौजेने इथली बहुतेक वस्ती मारली, गुलाम केली किंवा हाकलून लावली. इथल्याच रुन या बेटावरचा हक्क इंग्रजांनी १६६७च्या ब्रेडा तहात सोडला आणि डचांनी मॅनहॅटनवरचा. बांडा नैरा बेटावरच्या टेकडीवर पंचकोनी बेल्जिका किल्ला उभा आहे आणि खाली गावात ते घर आहे, जिथे पुढे इंडोनेशियाचे पहिले उपराष्ट्रपती झालेले मोहम्मद हत्ता यांना डचांनी १९३६पासून हद्दपारीत ठेवले होते. सावरकरांच्या भगूरच्या वाटेवर राहणाऱ्या आम्हाला हद्दपारी या शब्दाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नाही.

बागेत उंच केनारी वृक्षांच्या सावलीत जायफळाची झाडे होती. एका म्हाताऱ्या बागवानाने लांब बांबूच्या टोकाला बांधलेल्या टोपलीने एक फळ काढले. आपल्या पेरूएवढे, फिकट पिवळे. सुरीने दोन फाका केल्या आणि आत जे दिसले त्याला मी तयार नव्हते: काळ्याभोर चकचकीत कवचाभोवती लालभडक, ओली, जाळीदार जायपत्री, एखाद्याने नखांनी घट्ट पकडून ठेवावी तशी. भद्रकालीतल्या मसाल्याच्या दुकानात मी आयुष्यभर जायपत्रीचे विटकरी तुकडे घेतले आणि ते कशाचे काय याचा विचार केला नाही. बागवानाने जायपत्री अलगद सोलून माझ्या तळहातावर ठेवली. वाळली की ती पिवळसर नारिंगी होते. कवचातले बी कित्येक आठवडे वाळवतात आणि हलवल्यावर आत खुळखुळायला लागले की फोडतात. फळाच्या गराचा ते मुरांबा करतात. जायफळाला त्यांचा शब्द ‘पाला’, आणि तो संस्कृत ‘फल’वरून आला आहे. श्रीखंडात आम्ही हे घालतो, सहाणेवर उगाळून लहान बाळाला चाटवतो, असे हातवारे करून सांगितल्यावर तो मोठ्याने हसला आणि त्याने आणखी तीन फळे माझ्या ओंजळीत टाकली.

ती मला जहाजाच्या पायऱ्यांपाशी परत द्यावी लागली. ताजी फळे, बिया, माती यांपैकी काहीही एका बेटावरून दुसऱ्या बेटावर किंवा विमानतळावर नेऊ नये, असा तिथला दंडक आहे आणि वनस्पतींच्या रोगांचा विचार करता तो बरोबर आहे. मुरांब्याची सीलबंद बाटली तेवढी आणली.

आंबोनला उतरताना निरोपाच्या रांगेत खलाशाने यजमानांशी मनगटाला मनगट लावून हस्तांदोलन केले. डॉक्सिसायक्लिनची शेवटची गोळी आम्ही डिसेंबरात घेतली. मुरांबा नाताळच्या सुट्टीत नातवंडांनी दोन दिवसांत संपवला. टीसीएसचा परतावा मात्र विवरणपत्र भरल्यावर पुढच्या ऑगस्टमध्ये खात्यात आला, माझा आधी आणि ह्यांचा नऊ दिवसांनी.