रुबिडियम लॉक होईना तेव्हा: माझा अनुभव

हौशी रेडिओवर 10,368 मेगाहर्ट्झवर काम करायचं, तर ऑसिलेटरमधली (वारंवारता तयार करणाऱ्या सर्किटमधली) दशलक्षात एक भागाची चूकसुद्धा 10 किलोहर्ट्झहून मोठी होते. अंधुक सिग्नल शोधायचा तरी कुठे? म्हणून मोबाइल टॉवरच्या यंत्रणेतून निघालेलं जुनं रुबिडियम स्टँडर्ड, म्हणजे रुबिडियम अणूंच्या आधारे अचूक 10 मेगाहर्ट्झ देणारं युनिट, घेतलं. 24 व्होल्टचा पुरवठा, जाड हीट सिंक, आउटपुटला कनेक्टर, एवढं एका सुट्टीत उरकलं.

लॉक मात्र होईना, म्हणजे आतला ऑसिलेटर रुबिडियमच्या वारंवारतेला बांधला जाईना.

चार-पाच मिनिटांत लॉकच्या पिनवरचा व्होल्टेज बदलायला हवा. तास उलटला तरी तो जागचा हलला नाही. जुनं युनिट म्हटलं की जो तो सांगतो, आतला रुबिडियमचा दिवा गेला असेल. मीही तेच धरून बसलो. दिवा काढला, काचेवर साचलेलं रुबिडियम गरम हवेने हटवलं, परत बसवला. दिव्याचा व्होल्टेज पहिल्या दिवसापासून डेटाशीटच्या मर्यादेत होता, माझ्याच वहीत तशी नोंद होती, आणि तरी दोन आठवडे त्या दिव्यात गेले. त्याची चिडचिड अजून गेलेली नाही.

उलगडा झाला तो आउटपुटला काउंटर (वारंवारता मोजणारं यंत्र) जोडल्यावर. लॉक नसताना आतला क्रिस्टल ऑसिलेटर सावकाश वर-खाली फिरत रुबिडियमची रेषा, म्हणजे त्या अणूंची ठरलेली वारंवारता, शोधत असतो. रुबिडियम-87 ची ही रेषा 6.8346826 गिगाहर्ट्झच्या जवळ आहे, आणि आउटपुट 10 मेगाहर्ट्झ ओलांडतं तेव्हाच ती हाती लागते. माझ्या युनिटचा फेरा 10 मेगाहर्ट्झच्या 90 हर्ट्झ खाली सुरू होऊन 20 हर्ट्झ खालीच संपत होता. वर्षानुवर्षं चालून क्रिस्टल सरकला होता. दिव्याचा काही दोष नव्हता!

ऑसिलेटरचा ट्रिमर (वारंवारता जुळवायचा स्क्रू) पाव फेऱ्याहूनही कमी फिरवला आणि लॉक झालं. इतका आनंद झाला की लगेच झाकण लावलं. दहा मिनिटांत लॉक सुटलं. झाकण लावल्यावर आत तापतं आणि क्रिस्टल पुन्हा सरकतो. त्यामुळे ट्रिमर फिरवायचा, झाकण ठेवायचं, पूर्ण तापू द्यायचं आणि मगच काउंटर बघायचा. 10 मेगाहर्ट्झ फेऱ्याच्या मध्यावर येईपर्यंत मी हे सहा वेळा केलं. ट्रिमरला प्लॅस्टिकचा स्क्रूड्रायव्हरच वापरा, धातूचा जवळ आला तरी आकडा पळतो. आणि हो, काउंटरही आधी अर्धा तास तापलेला हवा.

शेवटची जुळवणी जीपीएसच्या सेकंदाच्या पल्सशी केली. दिवसात 8.64 मायक्रोसेकंद सरकलं, तर चूक दहा अब्जांत एक, म्हणजे 10 गिगाहर्ट्झवर जेमतेम 1 हर्ट्झ. ही जुळवणी आतल्या चुंबकीय क्षेत्राच्या स्क्रूने होते, म्हणून पुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर युनिटपासून लांब ठेवा. माझा शेजारीच होता, हलवावा लागला.

आउटपुट थेट गुणून 10 गिगाहर्ट्झवर नेऊ नका. हजारपट गुणल्यावर फेज नॉइज (सिग्नलमधली बारीक थरथर) 60 डेसिबलने वाढतो. मध्ये एक चांगला क्रिस्टल ऑसिलेटर रुबिडियमला बांधून घेतला, आणि परवा बीकन (ठरलेल्या वारंवारतेवर चालणारं खुणेचं प्रक्षेपण) नेमका त्याच्या जागी, स्वच्छ सुरात ऐकू आला.