दिवस २३ : ३४,२१२ शब्द, वाघीण अजून भरायचीय

नोव्हेंबरच्या तीस दिवसांत ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायची, त्या नॅनोरायमोचा हा माझा तेविसावा दिवस. आज रविवार, मार्केट यार्ड बंद, त्यामुळं पहाटे साडेचारला बसलो ते थेट सात वाजेपर्यंत लिहीत होतो, नि आकडा ३४,२१२ वर आला. हिशोबानं आज ३८,३४१ पाहिजे होते. म्हणजे चार हजाराच्या वर मागं आहे, उरलेल्या सात दिवसांत रोज २,२५६ पडतात. दहा दिवसांखाली कुणी हा आकडा सांगितला असता तर मी वही मिटवून ठेवली असती, आज मात्र जमेल असं वाटायलंय. का ते सांगतो.

यंदा पहिल्यांदा उतरलेल्यांसाठी थोडक्यात. नॅनोरायमो म्हणजे नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ. हा प्रकार १९९९ च्या जुलैत क्रिस बेटी नावाच्या माणसानं सॅन फ्रान्सिस्कोकडं सुरू केला, तेव्हा २१ जण होते, पुढच्या वर्षीपासून तो नोव्हेंबरात गेला. तीस दिवस, ५०,००० शब्द, रोजचे १,६६७. चालवणारी संस्था २०२५ मधे बंद झाली पण महिना तोच आहे नि आकडाही तोच, आपण आपापल्या गावी बसून लिहायलोतच की.

आता या आकड्याबद्दल मला मनापासून एक बोलायचंय. ५०,००० हा इंग्रजीचा आकडा आहे. 'घरासमोरच्या झाडाखाली' एवढं म्हणायला इंग्रजीत आठ शब्द लागतात, आपल्याकडं दोनात काम होतं. विभक्ती, शब्दयोगी अव्यय सगळं शब्दालाच चिकटतंय, त्यामुळं मोजणी करणाऱ्या अ‍ॅपला ते दिसतच नाही. आपले ५०,००० म्हणजे इंग्रजीवाल्यापेक्षा चांगलंच जाड पुस्तक होतंय हे ध्यानात ठेवा, आणि दिवसाला १,१०० झाले म्हणून कुणी खट्टू होऊ नका. मीपण आधी ३५,००० च धरणार होतो.

पण नाही धरलं, त्याला कारण आहे. माझी कादंबरी लातूरच्या २०१६ च्या उन्हाळ्यावर आहे. मांजरा धरण कोरडं पडलेलं, पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं नको म्हणून मार्चमधे कलम १४४ लावलेलं, आणि मग १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, एकेकीत साधारण ५०,००० लिटर, असं पाच लाख लिटर पाणी. (पेपरात वाघीण छापून यायचं, आम्ही डबाच म्हणायचो.) ५०,००० हा आकडा दिसला नि मला ती वाघीणच दिसली. म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयाशेजारी एका कागदावर वाघीण काढलीय, रोज जेवढे शब्द होतात तेवढी निळ्या पेननं भरायची. आज निम्म्याच्या बरीच वर गेलीय.

पहिला आठवडा धडाधड गेला, सात दिवसांत १०,१०० झाले, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, नव्याची हौस होती. मग गाडं अडलं ते अडलंच. ८ ते ११ तारखेत मिळून फक्त २,३८०. कामाचा सीझन होता हे खरं, मी अडत दुकानात दिवाणजी आहे, दिवाळीनंतर सोयाबीनची आवक असली की काटा, पट्टी (शेतकऱ्याला द्यायची विक्रीची पावती), हमाली यात रात्र कधी होते कळत नाही. पण खरं कारण ते नव्हतं. लिहिलेलं वाचलं की ती माणसं लातूरची वाटतच नव्हती. बातमी वाचल्यासारखं वाटायचं. 'नागरिक रांगेत ताटकळत होते' असली वाक्यं.

त्यात आणखी एक. यंदा सप्टेंबरात आमच्याकडं अतिवृष्टीनं हाहाकार केला, आता यार्डात येणाऱ्या बऱ्याच पोत्यांत काळा पडलेला डागी माल असतो, ओलाव्याच्या मशीनवर आकडा आला की समोरचा शेतकरी मान खाली घालतो. दिवसभर हे बघून पहाटे उठून कोरडा हंडा लिहायचा. हात वळत नव्हता. चार पानं तर अशी झालीत की दुष्काळात मधेच चिखल आलाय. ती खोडली नाहीत, महिना संपेपर्यंत काहीच खोडायचं नाही हा नियम मी कडक पाळायलोय.

१२ तारखेला संध्याकाळी मायला एक सीन वाचून दाखवला. टँकर येतो, बाया ओरडतात, धावतात, एकच गलका होतो, असा. मला तो बरा जमला वाटत होता. माय वाती वळत बसली होती, हात थांबवून म्हणाली, "टँकर आल्यावर कोण बोलतंय रे? गलका टँकर यायच्या आदी. आला की समदे गप. पाइपाकडं ध्यान." मग तिनंच सांगितलं की रांगेत बाया उन्हाच्या थांबायच्या नाहीत, घागरी थांबायच्या, कानात सुतळी ओवून सगळ्या एकमेकीला बांधलेल्या, म्हणजे कुणी मधली काढून पुढं न्यायला नको. आणि प्लास्टिकची रिकामी घागर वाऱ्यानं लोळती म्हणून प्रत्येकीत एकेक दगड. टँकर लांबून दिसला की पहिला आवाज कशाचा, तर घागरीतनं दगड काढून खाली टाकल्याचा. टक, टक, टक, अशी सगळी रांग.

मी त्या उन्हाळ्यात इथंच होतो. घरचं टिपाड, म्हणजे पाण्याचं पिंप, भरायला मीपण गेलोय. पण हे मला आठवलं नव्हतं, मायला आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी तोच सीन परत लिहिला, यावेळी निवेदन पुस्तकी ठेवायच्या फंदात न पडता कादंबरीतल्या म्हातारीच्याच तोंडून, तिच्याच बोलीत. 'काय करत आहेस' नाही, 'काय करलालीस'. 'येत आहे' नाही, 'येलालाव'. एका बैठकीत २,९४०, आजवरचा माझा सगळ्यात मोठा दिवस. दुकानात गेल्यावरही ती म्हातारी डोक्यात बोलायची थांबेना, दोन-तीन पट्ट्यांच्या पाठीमागं तिची वाक्यं लिहून खिशात घातली. तेव्हापासून गाडं परत अडलं नाही. मी म्हणेन, अडलात की प्लॉटकडं बघू नका, माणसं कशी बोलायलीत ते आधी बघा. माझा तर बराचसा प्लॉट त्या म्हातारीच्या बोलण्यातूनच निघाला, तिच्या सुनेचं माहेर मिरजेकडचं आहे हे मला तिनंच सांगितलं, माझ्या आराखड्यात नव्हतं.

कामाच्या दोन गोष्टी. नावं, तारखा, भाव असलं काही अडलं की थांबायचं नाही, तिथं 'ळळळ' टाइप करायचं नि पुढं जायचं. तीन ळ एकापाठोपाठ मराठीत कुठल्या शब्दात येत नाहीत, त्यामुळं नंतर सर्च केलं की नेमके तेवढेच सापडतात. म्हातारीला नि सुनेला अजून नावं नाहीत, ड्राफ्टभर म्हातारी नि सून एवढंच आहे, काही बिघडलं नाही. दुसरं, मोबाइलवर बोलून टाइप करणं निवेदनाला झकास चालतं, गाडीवर जाता-येता नाही पण दुकान उघडायच्या आधी दहा मिनिटांत तीनशे शब्द होतात. बोलीला मात्र ते चालत नाही. 'करलालीस' म्हटलं की 'कर लाली' उमटतं. एका शब्दाचे दोन होतात, मोजणीत फायदा आहे, पण तो मी घेत नाही, संवाद सगळे हातानंच टाइप करायलोय.

एका ठिकाणी तुमचं मत पाहिजे. निवेदन म्हातारीचं केल्यावर पहिली बारा हजार शब्दांची पानं प्रमाण भाषेत राहिलीत. ती डिसेंबरात बोलीत परत लिहावीत, का ती सुनेची म्हणून ठेवावीत, शिकलेली आहे ती, तिचं बोलणं तसं असू शकतं. मला दुसरं जास्त पटायलंय पण मग तिच्या तोंडी 'नागरिक' नको. ज्यांनी दोन आवाजात लिहिलंय त्यांनी सांगा, प्रकरण बदललं की आवाज बदलता का एकाच प्रकरणात दोन्ही घेता?

उद्या रेल्वे येण्याची पहाट लिहायचीय. म्हातारी टिपाडाला कुलूप लावून किल्ली पदराला बांधून झोपलीय, नि सून स्टेशनवर गाडी बघायला निघालीय, तिला न सांगता.