चार कोकरांचा पंचनामा

बकीच्या हौद्यात चार मेलेली कोकरं ओळीनं मांडलेली होती. मालक म्हणाला, "याकल्स. चारही."

बकी म्हणजे इथला पिकअप आणि याकल्स म्हणजे कोल्हा. कोल्हाही आपल्याकडचा नव्हे, पाठीवर काळ्या-करड्या केसांचं खोगीर टाकलेला, सहा ते दहा किलोंचा. दक्षिण आफ्रिकेतल्या नॉर्दर्न केप प्रांतात, फ्रेझरबर्गच्या बाजूला, करू नावाचा कोरडा पठारी मुलूख आहे. तिथली ही ऑगस्टमधली सकाळ. ऑगस्ट म्हणजे इकडे हिवाळ्याचं शेपूट आणि मेंढ्या विण्याचा हंगाम. जनावरांच्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता.

तक्रार अशी की अडीच आठवड्यांत ३१ कोकरं कमी झाली. सापडली ती ही चार, उरलेली २७ "कोल्ह्यानं नेली". मालकाला सगळे ऊम म्हणतात, म्हणजे काका. मीही तेच म्हणतो. ऊमचं म्हणणं होतं की आज रात्रीच बंदूक घेऊन बसावं. सोबतचा शिकारी काहीच बोलला नाही. त्याचं काम माझ्या सुरीनंतर सुरू होतं, हे त्याला ठाऊक होतं.

कोकरं उचलून आणली ही पहिली चूक, आणि ती सगळेच करतात. मेलेलं जनावर जागेवर असलं की निम्मा निकाल जमिनीवरच लिहिलेला असतो. पाऊल कुठून आलं, झटापट किती लांब झाली, रक्त सांडलं की नाही, लोकरीचे पुंजके कुठे पडले, हे सगळं तिथेच दिसतं. हौद्यात उरतं ते फक्त कलेवर. सुदैवानं शेवटच्या दोन जागा ऊमला नक्की आठवत होत्या.

आधी हातमोजे. मेलेलं किंवा गाभडलेलं कोकरू उघड्या हातानं फाडायचं नाही. २०१० साली या देशात रिफ्ट व्हॅलीच्या तापाची मोठी साथ आली होती. त्यात मेंढ्यांचे गर्भपात झाले आणि जनावरं हाताळणारी माणसंही आजारी पडली. मग हनुवटीपासून छातीपर्यंत कातडी चिरायची आणि मोजा उलटा करावा तशी उलटवायची. बाहेरून लोकरीत काही कळत नाही. जिवंतपणी दात लागला असेल तर कातडीच्या आतल्या बाजूला रक्त साकळलेलं दिसतं, पिकलं जांभूळ चिरडल्यासारखं. मेल्यावर चावलेल्या जागी भोक असतं, पण आजूबाजूचं मांस फिकट आणि कोरडं.

पहिल्या कोकराची कूस फाडलेली होती, मूत्रपिंडं गायब. कोल्ह्याचाच घास, यात शंका नाही. पण गळ्याच्या कातडीखाली रक्ताचा ठिपकाही नव्हता. खुरांच्या टोकांवर जन्मताना असतो तो मऊ पांढरा पापुद्रा तसाच होता. कोकरू चार पावलं चाललं तरी तो झिजतो. फुप्फुसाचा तुकडा बादलीतल्या पाण्यात टाकला, तो तळाला गेला. श्वास घेतलेलं फुप्फुस तरंगतं. हे कोकरू मेलेलंच जन्मलं होतं, कोल्ह्यानं नंतर खाल्लं.

दुसऱ्याचं फुप्फुस तरंगलं. खुरं झिजलेली, म्हणजे उठून चाललं होतं. पण पोटात दुधाचा थेंब नाही. नवजात कोकराच्या मूत्रपिंडांभोवती चरबीची गादी असते. थंडीत पहिल्या काही तासांचं तेच सरपण. ती इथे जळून लालसर, चिकट, पारदर्शक झालेली होती. डोळे आणि जीभ कावळ्यांनी नेली होती. आईचा चीक मिळाला नाही आणि थंडीनं गेलं. बहुधा जुळ्यातलं दुसरं असावं, मेंढी पहिल्याला घेऊन पुढे गेली.

ऊम गप्प झाला. चारातली दोन कुणी मारलेलीच नव्हती.

तिसरं कोकरू डॉर्पर जातीचं, पांढरं अंग आणि काळं डोकं. खांद्याची कातडी उलटवली तर आत चार बारीक समांतर रेघा आणि शेजारी टाचणीएवढी भोकं. नखं! कोल्ह्याची नखं चालून चालून बोथट झालेली असतात, ती कातडीत शिरत नाहीत. गळ्याखाली सुळ्यांच्या खुणा, आजूबाजूला भरपूर साकळलेलं रक्त. खाल्लं होतं मागच्या मांडीच्या आतल्या बाजूनं, कडा सुरीनं कापल्यासारख्या. आतडी शाबूत. हा शशकर्ण, इथल्या भाषेत रोइकाट, म्हणजे लाल मांजर. कानांवर काळ्या केसांचे झुपके असलेलं हे मांजर आपल्याकडे कच्छ-राजस्थानात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं उरलंय. करूमध्ये मात्र ते मेंढपाळाची डोकेदुखी आहे.

सुळ्यांमधलं अंतर बरेच जण कॅलिपरनं मोजतात. मीही मोजतो, पण त्यावर निकाल देत नाही. कोल्ह्याचं साधारण दोन-सव्वादोन सेंटीमीटर, शशकर्णाचं अडीच ते तीन. कातडी ताणली जाते, प्राणी दोनदा चावा घेतो, की दोन्ही आकडे एकमेकांत मिसळतात. नखं आणि खाण्याची सुरुवात कुठून केली, या दोन गोष्टी जास्त प्रामाणिक. अंतर चार सेंटीमीटरच्या पुढे गेलं असतं आणि कलेवर ओढून नेल्याची खूण असती, तर मात्र बिबट्या. मग सगळं काम तिथेच थांबवायचं. बिबट्या, चित्ता, तपकिरी तरस हे २००७ च्या संरक्षित प्रजातींच्या नियमावलीत येतात, परवान्याशिवाय हात लावता येत नाही. आणि पाय, शेपूट, कान असं कुठेही चावलेलं, दहा जखमी आणि खाल्लेलं काहीच नाही, असं दिसलं तर ते कुत्र्यांचं काम. बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या किंवा स्वतःच्याच. ते सांगणं सगळ्यात अवघड जातं.

चौथं कोकरू खरंच कोल्ह्याचं होतं. जबड्याखाली दोन-दोन भोकं, नखं नाहीत, कुशीला मुठीएवढं भगदाड, काळीज आणि मूत्रपिंडं गेलेली, बरगड्यांची मऊ टोकं चघळलेली.

म्हणजे गुन्हेगार दोन, जागा दोन आणि उपायही दोन. बंदूक घेऊन रात्री बसलो असतो तर कदाचित कोल्हा पडला असता, ऊमचं समाधान झालं असतं आणि शशकर्ण चरत राहिला असता.

तिसऱ्या कोकराची जागा डोलेराइटच्या काळ्या खडकांच्या कड्याखाली होती. अशा खडकांत डासी नावाचे सशाएवढे प्राणी राहतात, तेच शशकर्णाचं रोजचं जेवण. कुंपण आणि कडा यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेवर धुळीत गोल पाऊल मिळालं, पाचेक सेंटीमीटर, नखांची खूण नाही. पिंजरा तिथेच लावला. दीड मीटर लांब, आत घुसताना मांजराचे कान छताला लागू नयेत इतका उंच. जाळी बारीक, इंचभर चौकोनाची. मोठ्या चौकोनांत दात अडकून तुटतात. मागच्या टोकाला वेगळ्या जाळीचा कप्पा, त्यात कोंबडी, तिला दाणापाणी आणि आडोसा. बाजूंनी झुडपं रचली, वर एक जुनी सीडी दोऱ्याला टांगली. मांजर वासापेक्षा डोळ्यांनी फसतं. वाऱ्यावर चमकणारी, फिरणारी वस्तू दिसली की बघायला येतंच.

पिंजऱ्याच्या तळाशी जाळी पायाला लागू नये म्हणून माती पसरतात. इथे आमचं चुकलं. माती जवळच्या ओघळीतली घेतली, थोडी ओलसर. पहाटे पाहिलं तर पाऊल थेट कळ-पट्टीच्या, म्हणजे पाय पडला की दार पाडणाऱ्या पट्टीच्या मधोमध उमटलेलं, आणि दार वरच! ओली माती गोठून पट्टी चौकटीला चिकटली होती. मांजर आत आलं, पट्टीवर उभं राहिलं, कोंबडीकडे बघितलं आणि माघारी गेलं. शिकाऱ्यानं पट्टी अंगठ्यानं दाबली तर ती दगडासारखी घट्ट. सगळी माती काढून शेडखालची कोरडी वाळू भरली. बिजागरीला ग्रीस लावायचा मोह होतो, पण ग्रीस थंडीत घट्ट होतं आणि त्याचा वासही राहतो. मेणबत्ती घासली. दुसऱ्या रात्री साळिंदर अडकलं, त्याला सोडायला अर्धा तास गेला. तिसऱ्या पहाटे शशकर्ण आत होता.

नर, १३ किलो. पिंजरा उजाडताच बघायचा हा नियम मोडता येत नाही. ऊन चढलं की अडकलेलं जनावर जाळीवर तोंड फोडून घेतं. पकडून दुसरीकडे सोडावं असं वाचणाऱ्याला वाटेल. सोडलेला नर एकतर परत येतो, नाहीतर दुसऱ्याच्या हद्दीत घुसून तिथल्या शेतकऱ्याची कोकरं खातो. त्याला जवळून एका गोळीत संपवलं. मी पोट उघडलं. डासीचे दाट तपकिरी केस आणि त्यांत डॉर्परच्या कोकराचे आखूड पांढरे केस. कोकरू मारणारा तोच की नाही, हे पोट उघडल्याशिवाय कधीच मान्य करू नये. खाटकाला शिक्षा झाली की वाटसरूला, ते तिथेच कळतं.

कोल्ह्याचं प्रकरण मात्र इतकं सरळ गेलं नाही.

आदल्या रात्री आम्ही चौथ्या कोकराच्या जागेजवळ बसलो होतो. पद्धत अशी. चंद्र नसलेली रात्र, हलकी पण स्थिर झुळूक. आवाज काढणारं यंत्र बंदुकीपासून ४०-५० मीटर पुढे, वारा येतो त्या बाजूला ठेवायचं. कोल्हा सरळ येत नाही, वळसा घालून वाऱ्याखालून वास घ्यायला येतो, आणि तोच टप्पा बंदुकीसमोर मोकळा हवा. बंदूक .२२३, तिकाटण्यावर. प्रकाशझोताला लाल काच, आणि झोताचा मधला भाग जनावरावर नाही, फक्त कड टेकवायची. आवाज आधी हळू, मग थांबा. एका जागी वीस मिनिटं.

कोणता आवाज, यावर सगळं अवलंबून. या शेतावर कित्येक महिने हौशी पाहुणे शनिवार-रविवारी येऊन कोकराच्या किंकाळीची तीच ती फीत मोठ्यानं वाजवत होते. नेम चुकलेली प्रत्येक गोळी म्हणजे कोल्ह्याला दिलेली फुकटची शिकवणी. म्हणून शिकाऱ्यानं किंकाळी लावलीच नाही, परक्या कोल्ह्याची कोल्हेकुई लावली. जोडीनं राहणाऱ्या कोल्ह्याला हद्दीत घुसखोर सहन होत नाही.

अकराव्या मिनिटाला डोळे चमकले. हिरवट, जमिनीला धरून, डुलत. शिकाऱ्यानं दुर्बिणीतून पाहिलं आणि बोट घोड्यावरून काढून घेतलं. मोठ्या कानांचं खोकड होतं. वाळवी आणि किडे खाणारं, कोकराशी काडीचा संबंध नसलेलं. नुसत्या डोळ्यांच्या चमकेवर गोळी घालणाऱ्यांनी किती खोकडं आणि किती आर्डवुल्फ मारले असतील कोण जाणे. आर्डवुल्फ हा तर तरसाचा वाळवीखाऊ चुलतभाऊ.

मग कोल्हा आला. ९० मीटरवर, आडवा उभा, अगदी मारण्याजोगा. त्याच्या मागे ३० मीटरवर डोळ्यांची दुसरी जोडी चमकली. शिकारी थांबला. दोघं एकमेकांजवळ आले असते तर दोन्ही पाडता आले असते. एकच मारला तर उरलेला जन्मभर ना आवाजाला भुलणार ना प्रकाशाला. तेवढ्यात वारा फिरला, मानेला गार लागला. मादीनं एकच भुंकारा दिला आणि काळोख झाला.

ऊम चिडला. का नाही घातली गोळी? मी त्याला दुसऱ्या दिवशी जमिनीवर काठीनं हद्द काढून दाखवली. ही जोडी जम बसलेली आहे. ती गेली की रिकाम्या हद्दीत चहूकडून तरुण, हद्द नसलेले कोल्हे शिरतात, आणि जिथे मारामारी जास्त तिथे माद्या लवकर विऊ लागतात. सेरेस करूमधल्या १९७९ ते १९८७ च्या शिकारीच्या जुन्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा शशकर्ण आणि बिबटे जास्त मारले त्याच्या पुढच्या वर्षी नुकसान कमी झालेलं दिसलं नाही, उलट वाढलेलं दिसलं. म्हणून जोडीला सोडूनच द्यावं असं मी म्हणत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात बिळात पिल्लं असतात, आणि कोकराची चटक लागलेली जोडी आपणहून थांबत नाही. पण आधी ती आत कशी येते ते बघावं.

कुंपण चालत पाहिलं. सात किलोमीटरमध्ये अकरा भोकं. कोल्ह्यानं खणलेलं एकही नाही, सगळी साळिंदरांची आणि आर्डवार्क नावाच्या जमीन खणणाऱ्या वाळवीखाऊ प्राण्याची. कोल्हा फक्त वापरतो. दगड भरून बुजवलं तर आर्डवार्क शेजारी नवीन भोक पाडतो. त्यापेक्षा त्याच्या नेहमीच्या वाटेवर लोखंडी चौकटीत झुलतं दार बसवायचं, वजनदार, दोन्हीकडे उघडणारं. खणणारा प्राणी डोक्यानं ढकलून जातो, कोल्हा हलणाऱ्या वस्तूला बिचकतो. पहिले काही दिवस दार उघडं बांधून ठेवायचं, वाट ओळखीची झाली की सोडायचं. ऊमनं पहिल्याच दिवशी सगळी बंद सोडली. दोन दारांशेजारी नवी भोकं!

दुसरं, विणाऱ्या मेंढ्या रात्री वाड्यात. याला ऊमचा खरा विरोध होता. १९१२ च्या कुंपण कायद्यानंतर इथे जाळीची कोल्हाबंद कुंपणं पसरली, मेंढपाळ घरी बसले आणि मेंढ्या रात्रंदिवस मोकळ्या चरू लागल्या. एका मेंढीला पाचेक हेक्टर लागतात अशा मुलखात त्यांना रोज संध्याकाळी गोळा करणं म्हणजे माणसं आणि डिझेल. मी त्याला आपल्या धनगरांची वाघर सांगितली. दोरीची जाळी खुंट्यांवर ताणायची, कळप आत, कुत्रा आणि माणूस बाहेर, सकाळी गुंडाळून पुढे. "लांडगा असतो तिकडे?" ऊमनं विचारलं. असतो म्हटलं. सगळा कळप नको, फक्त विणाऱ्या आणि कोवळी कोकरं असलेल्या, सहा आठवडे, घराजवळच्या वाड्यात, एवढ्यावर तो तयार झाला.

जाताना त्यानं हळूच विषाचं विचारलं. कुणीतरी दिलेली पुडी शेडमध्ये होती. मांसात घातलेलं विष कोल्हा ओकूनही टाकतो, पण मागून आलेली गिधाडं आणि गरुड मरतात. पुडी मी घेऊन आलो.

दोन आठवड्यांनी फोन आला. एक कोकरू, कुंपणाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात. पोचलो तेव्हा ते जागचं हललेलं नव्हतं. त्यावर उपडं घमेलं होतं, कावळ्यांसाठी घमेल्यावर दगड, आणि भोवतीच्या धुळीत ऊमच्या बुटांचा एकही ठसा नव्हता.