कोडगूतलं वाळवण

कर्नाटकातल्या कोडगूत, म्हणजे आपल्या ओळखीच्या कूर्गमध्ये, कुशालनगर मागे पडलं की मडिकेरीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडीच झाडी. ते जंगल नसून कॉफीचे मळे आहेत, हे उमगायला जरा वेळ लागतो. वर सिल्व्हर ओक नि फणस, त्यांच्या खोडांवर चढवलेले मिरीचे वेल आणि खाली सावलीत कॉफी. पिकल्या फणसांच्या वासाने हत्तीही येतात म्हणे. जानेवारीत फणस कुठले, त्यामुळे आम्ही निर्धास्त!

आम्ही उतरलो ती इस्टेट नावाचीच, साहेबी थाट काही नाही. यजमान अंकल तोडणी बघतात, आंटींकडे मजुरीचा हिशेब आणि पाहुण्यांचं जेवण, फवारणी मुलाकडे. रोबस्टा जातीच्या कॉफीची तोडणी ऐन भरात होती. लालबुंद फळ दाबलं की बुळबुळीत, गोडसर गर आणि एकमेकींना चिकटलेल्या दोन बिया हातात येतात. कॉफीचा वास मात्र अजिबात नाही, तो भाजल्यावरच.

घरापुढच्या सिमेंटच्या खळ्यावर फळं पसरलेली. पापडकुरडयांच्या दिवसांत आमच्या गच्चीवर असतो तसाच सगळ्यांचा जीव त्या वाळवणात अडकलेला. दिवसभर दाताळ्याने वर-खाली करायचं, संध्याकाळी गोळा करून ताडपत्रीखाली झाकायचं. असं दोन आठवडे. आंटींनी मूठभर फळं माझ्या कानाशी खुळखुळवली. "आवाज आला? आता पोत्यात भरायची." इथे भाव पन्नास किलोच्या पोत्यावर बोलतात. टरफल काढणं, प्रतवारी वगैरे पुढे कारखान्यात.

दुपारी आभाळ भरून आलं आणि अंकलांचं जेवण अर्धवट राहिलं. या दिवसांत पाऊस म्हणजे दुहेरी नुकसान: खळ्यावरच्या मालाला बुरशी, आणि फळं उतरायच्या आतच झाडाला फुलं. तोच पाऊस फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये हवाच असतो. तो पडला की आठ-दहा दिवसांत मळा पांढराशुभ्र होतो, मोगऱ्यासारखा घमघमतो. नाहीच आला तर तुषार सिंचन, म्हणजे डिझेलचा खर्च. त्या दिवशी मात्र चार थेंबांवर निभावलं.

मग गूळ घातलेली कोरी कॉफी आली. दुधाशिवाय रोबस्टा कडूजहर लागेल असं वाटलं होतं, पण गुळाने ती छान सांभाळून घेतली. अंकल विचारत होते, "तुमच्या चिखलदऱ्यालाही कॉफी होते ना?" होते, विदर्भात, सातपुड्याच्या डोंगरात, पण पुण्या-मुंबईत हे किती जणांना ठाऊक असतं?

तोडणी बघायची तर जानेवारीत जा. फुलोऱ्यासाठी आगाऊ तिकीट काढू नका. पाऊस पडल्यावर यजमानांना फोन करा आणि मगच निघा.