डायपर सुटला, पण गणवेशाचा हुक सुटेना

मुलाचा दिवसाचा डायपर दोन आठवड्यांत सुटला. प्लेग्रुपच्या गणवेशाच्या पँटने मात्र पुढचा महिनाभर छळलं, म्हणून आधी त्या पँटबद्दलच लिहिते.

अडीच वर्षांच्या मुलाला शू आल्याचं कळतं तेव्हा हाताशी फार थोडा वेळ असतो. तेवढ्यात त्याने ताईंना सांगायचं, बाथरूमपर्यंत जायचं आणि पँट उतरवायची. आमच्या गणवेशाची पँट जाड टेरिकॉटची. पुढे पत्र्याचा हुक, त्याच्या आत बटण, खाली चेन. हुक काढायचा तर आधी पट्टी आत दाबून मग बाजूला सरकवावी लागते. या वयाच्या बोटांत तेवढं बळ नसतं, आणि डबा खाऊन पोट भरलेलं असलं की हुक आणखी ताणून बसतो. मुलगा वेळेवर सांगायचा, बाथरूमच्या दारापर्यंत शू धरून ठेवायचा आणि मावशी हुकाशी झटत असताना तिथेच भिजायचा. डायरीत शेरा आला, 'ट्रेनिंग झालेलं नाही, डायपर घालून पाठवा.' त्या शेऱ्याचा राग अजून गेलेला नाही. शिकायचं ते मुलगा शिकला होता, चूक पँटची होती. साध्या इलॅस्टिकच्या पँटची परवानगी मागितली, तर नियम सगळ्यांना सारखा असं उत्तर मिळालं.

मग बाहेरून तशीच दिसणारी, पण आतून इलॅस्टिकची पँट करून घ्यायचं ठरवलं. पहिल्या वेळी शिंप्याने हुक काढला, चेन शिवून बंद केली आणि मागच्या बाजूला इलॅस्टिक घातलं. ती पँट ढुंगणावरून खालीच येईना. कारण साधं आहे. हुकाच्या पँटची कंबर पोटाच्या मापाची असते, ती हुक उघडल्यावरच सैल होते. चेन बंद केली की तीच कंबर ढुंगणावरून उतरावी लागते, म्हणून ताणल्यावर ती ढुंगणाच्या घेरापेक्षा किमान दोन इंच जास्त भरायला हवी.

जमलं ते असं: पँट दोन साइझ मोठी घ्यायची आणि लांबी खालून दुमडून कमी करायची. कमरेची पट्टी पूर्ण उसवून सलग एक इंचाचा नेफा करायचा आणि त्यात पाऊण इंच रुंद इलॅस्टिक ओवायचं. पाव इंची इलॅस्टिक नेफ्यात पिळा खातं आणि पोटावर वळ उठवतं. इलॅस्टिकची लांबी पोटाच्या मापापेक्षा दीड इंच कमी, अधिक जोडासाठी एक इंच. म्हणजे पोट २० इंच असेल तर साडेएकोणीस इंच कापायचं. चुण्या मागे आणि बाजूला सरकवायच्या, मग पुढचा भाग सपाट दिसतो. हुक फक्त दिसण्यापुरता वरून टाचायचा. नेफ्याला आतून बोटभर फट ठेवायला सांगा. पोट वाढलं की सेफ्टी पिन लावून तिथूनच इलॅस्टिक बदलता येतं. ज्या पँटमध्ये इलॅस्टिकवरच तीन-चार टिपा मारलेल्या असतात, तिथे हे जमत नाही, सगळं उसवावं लागतं.

चेन शिवून टाकण्याला आणखी एक कारण आहे. घाईत ओढलेल्या चेनमध्ये मुलग्यांची नाजूक कातडी अडकू शकते.

घरच्या कपड्यांचं सोपं होतं. सुती होजिअरीच्या दहा-बारा चड्ड्या आणि गुडघ्याच्या वर राहणाऱ्या सैल हाफ पँट. खाली टिचबटणं असलेले रॉम्पर आणि डंगरी या काळात कपाटात वर ठेवून द्या. लेगिंग ओली झाली की मांडीला चिकटते, मोठ्यांनाही ओढून निघत नाही. नाडी ओली झाली की गाठ आवळते. टीशर्ट कमरेपर्यंतचाच हवा, लांब असेल तर मुलाला इलॅस्टिक दिसत नाही आणि शूही त्याच्यावरच होते. मुलींचा फ्रॉकही गुडघ्याच्या वरच बरा, एका हाताने वर धरता येतो.

मुलं पँट फक्त पुढून ओढतात आणि ती मागे अडकते. दोन्ही अंगठे बाजूने आत घालून एक हात मागे न्यायला शिकवा. आमच्याकडे 'अंगठे आत, हात मागे' एवढंच म्हणत होतो. हे कोरड्या पँटवर, खेळताना शिकवायचं.

भारतीय संडासात पँट घोट्याशी ठेवून बसवलं तर ती हमखास भिजते, तिथे पूर्ण काढूनच बसवा.

जाड अस्तराच्या ट्रेनिंग पँटमध्ये थोडी शू मुरते, फरशी वाचते. पण पावसाळ्यात त्या दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि कुबट वास धरतात. घ्यायच्याच तर उन्हाळ्यात घ्या. ओल्या चड्ड्या आधी साध्या गार पाण्यातून काढून मग साबणात टाका. पँटसारखा ओढून घालायचा डायपर आम्ही फक्त प्रवासात आणि रात्री वापरला. त्यात ओलेपणा जाणवत नाही, त्यामुळे दिवसा घातला की सांगायची सवय मोडते.

सणाला कुर्ता घालायचा असेल तर आखूड घ्या आणि पायजमा इलॅस्टिकचा. शिवलेलं धोतर घेताना कंबर दुकानातच दोन्ही हातांनी ताणून बघा.

शाळेच्या दप्तरात दोन चड्ड्या आणि एक जादा पँट ठेवा. ती जादा पँटही इलॅस्टिकची करून घ्या, नाहीतर कपडे बदलल्यानंतर पुन्हा हुकाचीच पँट अंगावर येते.