अनगोळच्या परड्यात अडकलेली धामण

मी बेळगावात परसबाग आणि टेरेसवरची भाजी लावून द्यायचं काम करतो. आधी उद्यमबागेत एका फाउंड्रीत होतो, ते असो. माती, कुंड्या, ठिबक सगळंच करतो पण मार्च लागला की फोन येतात ते जाळीसाठी. टोमॅटो चोचलेत, मिरच्या पोपटानं नेल्या, खारीनं काकडी कुरतडली, येऊन जाळी मारून जा. आणि मी जायचो, मारून यायचो. स्वस्तातली, पातळ तंगूसची (नायलॉनच्या दोऱ्याची), दोन बोटं सहज जातील एवढ्या भोकांची. गेल्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत हेच चाललेलं.

अनगोळला एक बाई आहेत, मराठी शाळेतून रिटायर झालेल्या, घरामागं अर्धा गुंठा परडं. त्यांनी मला बोलवायच्या आधी स्वतः सगळं करून बघितलेलं. जुन्या सीडी लटकवल्या, चार दिवस पोपट बिचकले, मग सीडीच्या शेजारी बसूनच मिरची खायला लागले. लसूण-मिरचीचं पाणी फवारलं तर चानी (बाई खारीला चानीच म्हणतात) दोन दिवस लांब राहिली, पोपटांना मात्र काही फरक नाही, कारण पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा लागतच नाही, तो आपल्याला आणि खारीला लागतो. शेवटी मी गेलो, तीन वाफ्यांवर बांबू रोवून जाळी टाकली. चारेक हात जाळी उरली ती कापली नाही, पुढं कामाला येईल म्हणून वाफ्याच्या कडेला तशीच गोळा करून सोडली.

तीन आठवड्यांनी सकाळी साडेसहाला फोन. "अरे लवकर ये की, जाळीत भला मोठा साप अडकलाय, अजून हलूलालाय."

मी जाता जाता वडगावच्या एका सर्पमित्राला फोन केला आणि गाडी काढली. पोचलो तर शेजारचे अण्णा काठी घेऊन उभे, कन्नडात "हावू री, हावू" (साप, साप) चाललेलं, आणि बाई मध्ये आडव्या उभ्या राहून त्यांना सांगतायत, "बडीब्याड्री (मारू नका) अण्णा, धामण आहे ती, विषारी नाही."

सहा फूट तरी असेल. मी सोडलेल्या त्याच गोळ्यात. सापाचे खवले मागच्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळं तो भोकातून पुढं सरकतो पण मागं यायला गेला की दोरा खवल्याखाली शिरतो, आणि जेवढी धडपड करेल तेवढा रुततो. हिच्या अंगावर मधोमध सात-आठ फेरे पडलेले, तिथं कातडी दोन्ही बाजूंनी फुगून आलेली आणि दोरा दिसतच नव्हता, नुसती एक खोल रेघ. ऊन वर यायला लागलेलं म्हणून बाईंनी आधीच तिच्यावर ओलं पोतं टाकून ठेवलेलं, ते फार बरं केलं.

सर्पमित्र आला, त्यानं मान धरली, डोक्यावर फडकं टाकलं, आणि मला म्हणाला तू काप. बाईंनी भरतकामाची छोटी कात्री दिली, तिचं बोथट टोक खालच्या बाजूला ठेवून खवल्याखाली सरकवायचं आणि एक एक धागा तोडायचा. पाऊण तास लागला. एकेक धागा तुटला की तिचं अंग तेवढ्याच जागी हळूच सैल व्हायचं, ते बोटाला कळायचं. दोन ठिकाणी रक्त होतं, बाकी कातडी शाबूत. त्यानं तपासून, जखमा धुऊन तिला घेतलं, पुढचं वनखात्याला कळवून करतो म्हणाला.

मी सगळी जाळी काढायला बसलो आणि तेव्हा खरी गोष्ट दिसली. जाळी टाकल्यावरही टोमॅटो जातायत असं बाई दोनदा बोलल्या होत्या आणि मी कुठूनतरी खार शिरत असेल म्हणून सोडून दिलेलं. आता नीट बघितलं तर वरच्या पिकलेल्या फळांवर चोचीची खोल भोकं, ती जुनी, जाळीच्या आधीची. पण जमिनीलगतची फळं अर्धी अर्धी खाल्लेली, दातांच्या बारीक रेघा, बाजूला काळ्या लेंड्या, आणि कंपोस्टच्या ढिगाखाली बिळं. उंदीर. रात्री येणारे. धामण त्यांच्याच मागं आली होती. म्हणजे बाईंची भाजी जी राखत होती तिलाच मी अडकवलं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता मी तंगूस विकत नाही. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात 2021 पासून घरच्या फळझाडांवर 5 मिलिमीटरपेक्षा मोठ्या भोकाची जाळी टाकायला कायद्यानं बंदी आहे, ओळखायची खूण सोपी, जाळीत बोट शिरलं तर ती नको. मी तसली बारीक विणीची पांढरी जाळी वापरतो, फ्रेमवर ताणून, खाली एक वीतही सैल नाही. काकडीला मधमाशी लागते म्हणून फुलं आली की सकाळी उघडायची, दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, त्याची संध्याकाळी. खार आणि उंदीर नायलॉन कुरतडतातच, त्यांच्यासाठी अर्ध्या इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) जाळी, खाली वीतभर मातीत गाडून. टोमॅटोवर गुलाबी झाक आली की तोडून घरात ठेवा, आत छान पिकतो. आणि मातीच्या परळात पाणी ठेवा, उन्हाळ्यात बरीचशी चोचाचोच तहानेपोटी असते असं माझं बघून बघून झालेलं मत आहे.

बाईंच्या परड्यात हे सगळं केलं, कंपोस्टला झाकणाचा ड्रम केला. नंतर वही काढून जिथं जिथं जुनी जाळी मारलेली त्या सगळ्यांना फोन लावले, अकरा घरं. नऊ ठिकाणी माझ्या खर्चानं बदलून दिली. दोघं म्हणतात चांगली चाललीय, हात लावू नको. तिथं जाऊन निदान खालचा सैल भाग कापून आलोय आणि रोज सकाळी एक फेरी मारून बघा, काही अडकलं तर ओढू नका, आधी ओलं फडकं टाका आणि मला फोन करा, कितीही वाजता, एवढं सांगून आलोय.